भेंडी बाजारात एक रात्र मुक्काम

मोबाइल घरीच ठेवा. नोटाही नकोत, तिथे त्यांना रद्दीचा भावसुद्धा मिळायचा नाही. खिशात नागमोडी कडेचे पाच-सहा आणे टाका, इंग्रज राजाचं तोंड असलेले, आणि डोक्यावर टोपी चढवा. काळी, पांढरी, गोंड्याची, कुठलीही चालेल. पण १९३८च्या मुंबईत बोडक्या डोक्याने हिंडणारा माणूस नुकताच कुणाला तरी पोचवून आल्यासारखा दिसतो, आणि मग वाटेत चारजण थांबून विचारपूस करतात. बाईमाणूस असाल तर डोक्यावरून पदर घ्या. तुमची रात्रीची सोय आतल्या खोलीत बायकांत होईल, पुरुषांची गॅलरीत. ढेकूण दोन्हीकडे सारखेच आहेत.

का जायचं, तेही सांगतो. भेंडी बाजार पाडून नव्याने बांधला जातोय, एका समाजाच्या ट्रस्टने ते काम अंगावर घेतलंय, आणि त्यावर मुंबईत प्रत्येकाला मत आहे. अमुक म्हणतो जुना मोहल्ला संपवला, तमुक म्हणतो सुटली बिचारी माणसं. यातल्या बहुतेकांनी भेंडी बाजार पाहिलाय तो संध्याकाळी, रमजानात, हातात कबाबाची ताटली घेऊन. दोन तास थांबायचं, फोटो काढायचे, टॅक्सी पकडायची. एवढ्यावर मत बनवू नये असं मला वाटतं. रात्र काढावी, पहाट बघावी, मग बोलावं.

तर क्रॉफर्ड मार्केटपाशी ट्रॅम पकडा. एक आणा कंडक्टरच्या हातावर ठेवा आणि वरच्या मजल्यावर जाऊ नका, खालीच दाराशी उभे राहा. वास सगळे खाली आहेत. ड्रायव्हर उभ्याने गाडी हाकतोय आणि पायाने घंटा बडवतोय, ठण् ठण् ठण्, कारण समोर बैलगाडी आहे आणि गाडीवान मागे वळून बघायलाही तयार नाही. बैलांच्या अंगाला घाम, त्यांच्या शेपटीखाली ताजं शेण, शेणावरून व्हिक्टोरियाची चाकं गेलेली. पायधुणी मागे पडते. उजवीकडून एकदम अत्तर येतं, गुलाबाचं, मग खसाचं. डावीकडून सुकवलेल्या बोंबलाचं एक पोतं जातं आणि अत्तराला जागच्या जागी ठार करतं.

‘भेंडी बाजाऽऽर!’

उतरा. उतरल्याबरोबर घाम सुटेल. ऑक्टोबर आहे, पाऊस गेलाय, आणि समुद्रावरून निघालेला वारा या गल्ल्यांपर्यंत पोचायच्या आत कुठेतरी बसकण मारतो. दिवाळी आत्ताच सरली आणि तिच्या पाठोपाठ रमजान लागला. गटाराच्या कडेला फटाक्यांचे लाल कागद अजून भिजून पडलेत आणि त्यांच्यावर कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याने नवा मांडव घातलाय.

‘ओ पाव्हनं, सरा की बाजूला! का घालू डोस्क्यात?’

घाबरू नका, हा आपलाच माणूस. साताऱ्याकडचा हमाल, पाठीवर लोखंडी साखळ्यांचं ओझं, कपाळावरून आलेल्या पट्ट्याने तोललेलं, मान अशी ताठ की नुसत्या डोळ्यांनीच तो तुमच्याकडे बघतो. या गल्लीत गुजराती ऐकाल, कच्छी ऐकाल, उर्दू तर आहेच, आणि ओझ्याखालून मराठी. तुम्ही भिंतीला चिकटता. भिंत चटका देते.

आता वर बघा. खाली दुकान, त्यावर तीन-चार मजले, प्रत्येक मजल्याला लाकडी गॅलरी, गॅलरीला नक्षीचे लाकडी ब्रॅकेट. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या एकमेकींकडे इतक्या झुकलेल्या की मधली आभाळाची पट्टी जेमतेम धोतराएवढी दिसते, आणि तीही वाळत घातलेल्या खऱ्याखुऱ्या धोतरांनी अर्धी झाकलीय. तिसऱ्या माळ्यावरून दोरीला बांधलेली टोपली सुरसुर खाली येते. भाजीवाला टोपलीतले पैसे काढतो, भेंडी-कोथिंबीर टाकतो, दोरीला हिसका देतो. टोपली वर जाते. मग वरून आवाज येतो की कोथिंबीर पिवळी आहे, आणि टोपली पुन्हा खाली. हे भांडण तीन मजल्यांच्या अंतरावरून चालतं आणि मधल्या दोन मजल्यांवरच्या बायका त्यात दोन्ही बाजूंनी बोलतात.

एका लोखंडी सामानाच्या दुकानात शिरा. दुकानाला दार असं नाहीच, फळ्या आहेत, त्या सकाळी काढून आडव्या ठेवल्या की त्यांचाच ओटा होतो. गादीवर बसलेले शेठ बोहरी आहेत. पांढरीशुभ्र दाढी, पांढरा सदरा, डोक्यावर सोनेरी काठाची पांढरी टोपी. या मोहल्ल्यात आडनाव ऐकलं की दुकान कळतं: लोखंडवाला, काचवाला, सोडावाला, कागदी. खिळे रत्तलावर मोजून मिळतात. मुठीत धरून बघा, तेलाचा हात लागलाय त्यांना, आणि तळहातावर गंजाचा वास तुम्ही घरी परतेपर्यंत राहील.

‘क्या मंगता, भाई?’

काही नको असं म्हणू नका, इथे ते उद्धटपणाचं आहे. बिजागरी दाखवा म्हणा. शेठ अकरा प्रकारच्या बिजागऱ्या काढतील, त्यांतली विलायती कुठली आणि अलीगढची कुठली ते सांगतील, आणि तुम्ही एकही घेतली नाहीत तरी बसायला लावतील. दुकानाच्या मागच्या भिंतीला एक अरुंद जिना आहे. तोच वर घरी जातो. शेठना चहा हवा असला तर ते जिन्यात तोंड घालून हाक मारतात. आत्ता मारत नाहीत, रोजा आहे. पण सवयीने एकदा जिन्याकडे बघतात.

हा जिना नीट बघून ठेवा. वर राहायचं, खाली धंदा करायचा, मधे दहा-बारा पायऱ्या. मुलगा शाळेतून येतो तो दुकानातून वर जातो, आणि जाता जाता बापाचा गल्ला, आजोबांचं वजन, उधारीवाल्याची टाळाटाळ सगळं बघून जातो. कोणी त्याला धंदा शिकवायला बसवत नाही. पुढे आर्किटेक्ट लोक या गोष्टीला मोठी मोठी नावं देणार आहेत. आत्ता ती पायरी घासून मधोमध खोलगट झालीय एवढंच दिसतं.

बाहेर कल्हईवाला बसलाय. त्याच्याजवळ थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका. जमिनीत खळगा, त्यात कोळसा, चामड्याच्या भात्याची फू फू, आणि भात्यावर बसलेलं एक दहा वर्षांचं पोर, ज्याचे फक्त दात पांढरे आहेत. तांब्याचं एवढं मोठं पातेलं तो चिमट्यात धरून फिरवतो, लाल होईस्तोवर. मग नवसागराची चिमूट. पांढऱ्या धुराचा लोट तुमच्या नाकातून थेट मेंदूत जातो, डोळ्यांतून पाणी येतं, खोकला येतो, आणि तेवढ्यात तो कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने असा काही हात फिरवतो की काळं पातेलं आतून चांदीचं होतं. पाण्यात बुडवलं की चर्रऽऽ. बघणारे सगळे एकदम श्वास सोडतात. रमजानात घरोघरची मोठी भांडी बाहेर निघतात, त्यामुळे त्याच्यापुढे रांग आहे, आणि त्या रांगेतल्या प्रत्येक पातेल्यावर मालकाचं नाव ठोकलेलं आहे.

भूक लागली? लागणारच. कोपऱ्यावर इराणी आहे, पण त्याच्या दाराला आज पडदा आहे. ज्यांचा रोजा नाही ते पडद्याआड चहा पितात, आणि बाहेरून फक्त त्यांच्या चपला दिसतात. तुम्ही आत गेलात तर कोणी काही म्हणणार नाही. तरी जाऊ नका. अजून तासाभराने जे मिळणार आहे ते मस्क्यापावाने बिघडवू नये.

सूर्य उतरायला लागला की या रस्त्याची चाल बदलते. आत्तापर्यंत सगळे हळू चालत होते, तोंड कोरडं, आवाज कमी. आता एकदम धावपळ. शिगा निखाऱ्यावर चढतात, चरबी ठिबकते, धूर गॅलऱ्यांमधून वर चढत पहिल्या माळ्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांना कबाबाचा वास लावून जातो. मालपुव्याची कढई आगगाडीच्या चाकाएवढी. फिरनीच्या मातीच्या वाट्या बर्फाच्या लादीवर मांडल्यात आणि बर्फावर गोणपाट. खजूर, केळी, पपया, भिजवलेल्या डाळी. लोक खरेदी करतात, हातात धरतात, आणि खात नाहीत. हजारो माणसं हातात खाणं घेऊन उभी आहेत आणि कोणी तोंडात घालत नाही. एवढी शिस्त तुम्ही लग्नाच्या पंगतीत कधी पाहिली नसेल.

मग बांग होते. लाउडस्पीकर अजून आलेला नाही, माणसाचा नुसता गळा आहे. ती एका मिनारावरून निघते, दुसरीकडून उचलली जाते, आणि ट्रॅमची घंटा तिच्यात मिसळते.

शेठ तुम्हाला विसरलेले नाहीत. ‘ऊपर चलो,’ ते म्हणतात. रोजा सोडायच्या वेळेला दुकानात उभा असलेला माणूस उपाशी पाठवायचा नाही, हा इथला कायदा. नमाज होईस्तोवर तुम्ही गॅलरीत बसता. मग जमिनीवर सफरो अंथरतात, त्यावर घडवंची, घडवंचीवर एकच मोठा थाळ, आणि थाळाभोवती सात-आठजण मांडी घालून, गुडघ्याला गुडघा लावून. एकजण चिलमची आणि लोटा घेऊन सगळ्यांचे हात धुववतो. आधी मिठाची चिमूट जिभेवर. ती घेतल्याशिवाय काही नाही. त्यानंतर येतं गोड, जेवणाच्या सुरुवातीलाच, आणि तुमच्यातला कोकणस्थ किंवा देशस्थ जो कोण असेल तो दचकतो. गोडानंतर तिखट, तिखटानंतर परत गोड. एकाच थाळातून सगळे खातात, प्रत्येकाने आपल्या समोरचं. शीत सांडायचं नाही, टाकायचं नाही. शेजारच्या म्हाताऱ्याने खिमा समोशाचा मोठा अर्धा तुमच्याकडे सरकवला तर घ्या. त्याच्या बोटांनाही गंजाचा वास आहे.

जेवून खाली उतरलात की आइस्क्रीम खायचं. बोहरी मोहल्ल्यात लाकडी पिंप असतं, त्यात तांब्याचा सांचा, भोवती बर्फ आणि खडे मीठ, आणि एक माणूस दांडा फिरवत बसतो. दंडातल्या शिरा तटतटलेल्या. ‘ताज’वाले १८८७पासून हे करताहेत आणि तुमच्या काळातही करत असणार आहेत. सीताफळाचं घ्या. दाताने चावावं लागतं इतकं घट्ट.

आणि आता या गल्लीतली माझी सर्वांत आवडती गोष्ट. तराजूंचे ठणठणाट थांबलेत, फळ्या लागताहेत, आणि कुठल्याशा दुसऱ्या माळ्यावरून सरगम ऐकू येते. ‘सा’ लावला, मग त्याच तीन-चार सुरांची अदलाबदल, पुन्हा अदलाबदल, उलटून, सुलटून, मधला गाळून. त्याला मेरुखंड म्हणतात. बिजनौरहून आलेल्या छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ या तीन भावांनी गेल्या शतकात या बाजाराच्या आसऱ्याने बिऱ्हाड केलं आणि ख्यालाचं एक घराणं चक्क खिळ्या-साखळ्यांच्या बाजाराच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर यांच्या पंगतीत भेंडी बाजार! गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर नजीर खाँसाहेबांकडे शिकल्या. छज्जू खाँचे चिरंजीव अमान अली खाँ आत्ता याच वस्तीत आहेत, आणि अजून काही वर्षांनी लता नावाची एक मंगेशकरांची मुलगी त्यांच्याकडे शिकायला येणार आहे. वरून येणारा आवाज खाँसाहेबांचा की एखाद्या शागिर्दाचा, ते खालून कळत नाही. खाली एक हमाल हातगाडीवर उताणा पडून ऐकतोय. तानेच्या शेवटी तो ‘हां’ म्हणतो. गाणाऱ्याला ते ऐकू गेलं असावं, इतकी गल्ली अरुंद आहे.

इथेच परत फिरलात तर आयुष्यभर भेंडी बाजाराची आठवण काढून हळवे व्हाल. पुष्कळजण इथेच परत फिरतात. तुम्ही मात्र मुक्कामाला आलाय.

शेठच्या वरच्या खोलीत जागा नाही, म्हणून तुमची सोय शेजारच्या इमारतीत, एकट्या पुरुषांच्या खोलीत. बाजारात काम करणारी माणसं कुटुंब गावी ठेवून इथे राहतात आणि यातल्या कित्येक इमारती मुळात त्यांच्यासाठीच उठल्या. एक खोली, एक खिडकी, भिंतीला खुंट्या, प्रत्येक खुंटी एकाच्या मालकीची. जमिनीवर दहा-बारा वळकट्या. जो रात्रपाळीला गेला त्याची वळकटी तुम्हाला मिळते आणि तिला त्याच्या घामाचा, केसांच्या तेलाचा आणि बिडीचा वास आहे. आत श्वास घेववत नाही, म्हणून तुम्ही ती गॅलरीत ओढता. गॅलरीत आधीच सहाजण आहेत. सातवे तुम्ही. कूस बदलायची तर आधी शेजाऱ्याला सांगावं लागतं.

गॅलरीच्या फळ्यांच्या फटीतून खालच्या गॅलरीतला माणूस दिसतो. त्याच्या खालचा रस्ताही दिसतो. लाकूड रात्री बोलतं, करकर, आणि कोणी जिना चढला की अख्खी इमारत कळवते. पाठीमागच्या बाजूला हाऊसगल्ली आहे, दोन इमारतींमधली बोळकांडी, जिच्यात सगळे पाइप उतरतात आणि वरून जे टाकायचं ते सगळे टाकतात. तिचा वास दिवसा कबाबाने झाकलेला असतो. रात्री तो मोकळा सुटतो. कोणीतरी खोकतोय, तीन खोल्या पलीकडे, आणि तो खोकला चांगला नाही हे मजल्यावर सगळ्यांना माहीत आहे. ढेकणांबद्दल मी आधीच सांगितलंय.

अंधारात डबा बडवत कोणीतरी जातो, सहरीला उठवायला. चुली पेटतात. जिन्यात, गॅलरीत, सगळीकडे धूर. तुम्हीही उठता, कारण आता झोप येणार नाही आणि पोटात कालचं गोड-तिखट-गोड हालचाल करतंय.

गॅलरीच्या टोकाला संडास आहेत. सबंध मजल्याला मिळून दोन. हातात टमरेल घेऊन रांगेत उभे राहा. पुढे नऊजण आहेत. बायकांची वेळ याच्याही आधीची, काळोखातली. ती टळली तर दिवसभर कळ सोसायची. रांगेत कोणी कोणाशी बोलत नाही, सगळे त्या दोन दारांकडे बघताहेत. दाराला आतून लावायला काही नाही, दोरी आहे, ती आतल्याने हाताने ओढून धरायची.

‘अरे भाई, अंदर सो गया क्या?’

दार वाजतं. आतला खाकरतो, म्हणजे जिवंत आहे. पुन्हा दार वाजतं. तेवढ्यात खालून ओरड होते, ‘पानी आया!’, आणि रांगेतले चौघे टमरेल जागेवर ठेवून हंडे घेऊन पळतात. टमरेल म्हणजे माणूस; त्याची जागा कोणी घेत नाही. नळाला पाणी थोडाच वेळ असतं. हंड्यावर हंडा आपटतो, कळशी लवंडते, एका पोराच्या पायाला खोक पडते आणि त्याची आई त्यालाच मारते. मग तीन मजले भरल्या हंड्याने. काल संध्याकाळी खोलगट झालेली पायरी तुम्हाला सुंदर वाटली होती ना? आज तिच्यावर पाणी सांडलंय.

तुमचा नंबर लागला. जा. दोरी घट्ट धरा.

बाहेर आलात की जिन्याच्या तोंडाशी घरमालकाचा मेहताजी वही घेऊन बसलेला दिसेल. खोल्यांचं भाडं वसूल होतंय, मोजके रुपये, सुटे आणे. हे भाडं लक्षात ठेवा, कारण परतीच्या वाटेवर सगळ्यात जास्त नुकसान तेच करणार आहे. दोन वर्षांनी महागाई आणि गर्दी वाढेल, आणि स्वातंत्र्याच्या वर्षी जो भाडे नियंत्रण कायदा येईल तो भाडी १९४०च्या पातळीला बांधून टाकेल. भाडेकरूला कोणी हुसकावू शकणार नाही, हे चांगलंच झालं. पण नातवाच्या हातातही जवळपास आजोबांचीच पावती राहिली, आणि तेवढ्या पैशांत मालक कौल तरी का बदलेल?

म्हणून परतताना गॅलरीत उभं राहून बघत या, सगळं झरझर जातं. एकट्या पुरुषांच्या खोल्यांत बायका-मुलं येतात, खोलीत पडदा लागतो, पडद्याची फळी होते, पोटमाळा चढतो. पागडीवर खोल्या हात बदलतात. १९६४च्या मार्चअखेर शेवटची ट्रॅम जाते, माणसं तिच्या टपाला लोंबकळलेली. ब्रॅकेटवरच्या नक्षीत पिंपळ उगवतो. एका पावसाळ्यात गॅलरीखाली लाकडी टेकू येतो, तात्पुरता म्हणून, आणि त्यावर कोणी कॅलेंडर टांगतो, मग आरसा, मग छत्री. आधी तुमच्या डोळ्यांसमोर आभाळाची पट्टी होती तिथे २००२ साली उड्डाणपूल येतो आणि मोहम्मद अली रोडच्या दुसऱ्या माळ्यावरची माणसं मोटारीतल्या माणसांच्या नजरेला नजर देत दात घासू लागतात. हाऊसगल्लीचा वास आहे तिथेच. टमरेलाचं फक्त प्लास्टिक झालं.

दाऊदी बोहरा समाजाचे ५२वे दाई, म्हणजे धर्मगुरू, सय्यदना मुहम्मद बुरहानुद्दीन यांच्या कल्पनेतून २००९ साली सैफी बुरहानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट उभा राहिला तो या टेकूंच्या मधोमध. आकडे ऐकून घ्या: १६.५ एकर जमीन, सुमारे २५० इमारती, ३,२०० कुटुंबं आणि १,२५० दुकानं. एकेक इमारत वेगळी पाडून बांधायची तर ना उजेड मिळणार ना रस्ता, म्हणून अख्खा मोहल्ला एका नकाशात घेतलेला. राहणाऱ्याकडून पैसा घ्यायचा नाही. काही मनोरे बाजारभावाने विकून खर्च काढायचा. प्रत्येक कुटुंबाला किमान ३५० चौरस फूट, भाड्याने नाही, मालकीचे. दुकानदाराला इथेच दुकान. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात एकेका मालकाकडून इमारत घ्यायची, एकेका भाडेकरूला पटवायचं, बांधून होईस्तोवर त्याला दुसरीकडे ठेवायचं, गिऱ्हाईक तुटेल म्हणून रडणाऱ्या दुकानदाराला गिऱ्हाईक जिथपर्यंत चालत येईल अशी तात्पुरती जागा द्यायची. समाजाचा विश्वास पाठीशी नसता तर पहिल्या वर्षीच हे कोर्टात रुतून बसलं असतं. विश्वास असूनही वर्षं लागली, आणि घरं थांबत नाहीत. ३१ ऑगस्ट २०१७च्या सकाळी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली, ३३ माणसं गेली. ती याच योजनेतली होती. काही बिऱ्हाडं आधी बाहेर पडली होती, काही आत होती.

आता तुम्ही आजच्या भेंडी बाजारात उभे आहात. समोर रौदत ताहेरा या मकबऱ्याची संगमरवरी भिंत आहे, जिच्या आत कुराण सोन्याने कोरलेलं आहे. तिच्या आसपास याच योजनेतल्या अल सआदाचे दोन मनोरे, एक ३६ मजल्यांचा, दुसरा ४१. खाली दुकानं. फूटपाथ इतका रुंद की तुम्ही सवयीने भिंतीला चिकटता आणि मग लक्षात येतं, गरज नाही. पलीकडे क्रेन फिरतेय, आणि तिच्याही पलीकडे एक जुनी इमारत टेकूवर उभी आहे. काम संपलेलं नाही.

दुकानात जा. मालाला काच आलीय, गल्ल्याच्या जागी क्यूआर कोड आहे, पण साखळी अजून वजनावर विकतात आणि काही नको म्हटलं की शेठला अजून वाईट वाटतं. मागच्या भिंतीला मात्र जिना नाही. घर वर आहे, पण त्याचं दार वेगळं, लिफ्ट वेगळी, मधे वॉचमन. मुलगा शाळेतून येतो तो थेट विसाव्या मजल्यावर. मला याची रुखरुख वाटते. लिफ्टमध्ये टोपलीची दोरी सोडता येत नाही आणि विसाव्या मजल्यावरून पिवळ्या कोथिंबिरीचं भांडण करता येत नाही. त्यासाठी फोन करावा लागतो, आणि फोनवर मधल्या मजल्यांना भाग घेता येत नाही. तान संपल्यावर खालून आलेला ‘हां’ तर काचेतून आत शिरणारच नाही. हे नुकसान ट्रस्टच्या कुठल्याही आकड्यात धरलेलं नाही, धरणार तरी कसं.

पण तुम्ही रात्र काढलीय, म्हणून तुम्हाला अजून एक गोष्ट बघायचा हक्क आहे. लिफ्टने वर जा. कोणाकडे तरी पाहुणे म्हणून गेलाय असं समजा. पाणी विचारतील, सरबत देतील, बसा म्हणतील. सरबत प्या आणि मग संकोच न करता विचारा, बाथरूम कुठेय. आतल्या पॅसेजमध्ये, उजव्या हाताला. घरातलं, एकाच कुटुंबाचं, वर खिडकी, खिडकीतून उजेड. आत जा आणि दार लावून घ्या. कडी आहे, स्टीलची. नळ सोडून बघा, पाणी येतंय, आणि त्यासाठी कोणी ओरडलेलं नाही. टमरेल शोधू नका, जेट स्प्रे आहे. बाहेर रांग नाही, कोणी दार वाजवत नाही, तुम्ही जिवंत आहात हे कळवायला खाकरायची जरूर नाही. आता बसा हवा तितका वेळ.